भिंतीबाहेर आलेली उष्णता: काइलो प्रकरण

बंद खोलीत दिव्यांखाली झाडं वाढवायची, उजेड बाहेर दिसू द्यायचा नाही, पंख्यांचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जाऊ द्यायचा नाही, असा खटाटोप जगात बहुतेक वेळा गांजासाठी होतो. अशा खोल्यांवर छापे पडतात, बातम्या येतात आणि विसरल्या जातात. ओरेगॉनमधल्या एका घराचं प्रकरण मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्याचा निकाल आज माझ्या, तुमच्या घराच्या भिंतीलाही लागू पडेल असा प्रश्न विचारतो. भिंत ओलांडून आत न येता कुणी माझ्या घरातलं ओळखलं, तर ते घरात शिरणं ठरतं का?

मी विजेच्या ऑडिटचं काम करतो. थर्मल कॅमेरा, म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा, हातात घेऊन कारखान्यांचे वीज वाटणारे पॅनल तपासणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून हे प्रकरण मी वकिलाच्या नाही, तर कॅमेरा धरणाऱ्या माणसाच्या नजरेने मांडतो आहे. या खटल्यातला सगळा वाद त्या कॅमेऱ्याने नेमकं काय पाहिलं, याभोवती फिरतो.

घटना

फ्लॉरेन्स हे ओरेगॉनच्या किनाऱ्यावरचं लहान गाव, सायुस्लॉ नदी पॅसिफिकला मिळते तिथलं. गावातल्या ऱ्होडोडेंड्रॉन ड्राइव्हवर तीन घरं एकमेकांना चिकटून असलेली एक इमारत होती. त्यातल्या एका घरात डॅनी ली काइलो राहायचा. अमेरिकेत सरकारी जमिनी आणि जंगलं सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याचा एक तपास अधिकारी, विल्यम एलियट, याला काइलो घरात गांजा पिकवतो असा संशय होता. खबऱ्यांकडून काही माहिती मिळाली होती. विजेची बिलंही मागवून झाली होती, आणि तेवढ्या घराला जेवढी वीज लागावी त्यापेक्षा ती जास्त दिसत होती.

१६ जानेवारी १९९२ रोजी पहाटे ३ वाजून २० मिनिटांनी एलियटने ओरेगॉन नॅशनल गार्डच्या एका सैनिकाच्या मदतीने अगेमा थर्मोव्हिजन २१० हा थर्मल कॅमेरा त्या इमारतीकडे रोखला. कॅमेरा समोरच्या बाजूने, रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या मोटारीतून चालवला गेला आणि नंतर मागच्या रस्त्यावरूनही. सगळं काम काही मिनिटांत उरकलं. काइलोच्या गॅरेजवरचं छप्पर आणि घराची एक बाजूची भिंत बाकीच्या घराच्या मानाने तापलेली दिसली, आणि शेजारच्या दोन्ही घरांपेक्षा तर बरीच जास्त. यावरून आत हॅलाइड दिवे, म्हणजे खूप तापणारे प्रखर दिवे, लावून गांजा पिकवला जातोय, असं एलियटने अनुमान काढलं.

खबऱ्यांची माहिती, वीजबिलं आणि हे चित्र, तिन्ही एकत्र जोडून दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला, झडतीचं वॉरंट मिळालं आणि घराची झडती झाली. आत शंभरहून जास्त झाडं सापडली.

म्हणजे अनुमान खरं होतं, आणि ते अजिबात विसरून चालणार नाही. हा निर्दोष माणसाच्या छळाचा खटला नाही. गुन्हा झाला होता, माल सापडला होता. तरीही पाच न्यायमूर्तींनी पोलिसांच्या विरोधात निकाल दिला. त्याचं मोल मला म्हणूनच जास्त वाटतं.

उष्णता लपत का नाही

आवाज लपवता येतो, उष्णता लपवता येत नाही. याचं कारण साधं आहे आणि ते समजलं की पुढचा कायद्याचा वाद सोपा होतो.

आवाज म्हणजे हवेतली हालचाल. चालत्या पंख्याचा आवाज कानाला कितीही त्रासदायक वाटला तरी त्यातली ऊर्जा अगदी किरकोळ असते, एका वॅटच्या हजाराव्या भागाइतकीही नसते. रॉकवूलच्या तंतूंमध्ये किंवा जाड दुहेरी भिंतीत ती शिरली की घर्षणाने तिथेच विरते. विरते म्हणजे तिची उष्णता होते, पण इतकी कमी की कुणाच्या लक्षातही येत नाही. रेकॉर्डिंग स्टुडिओ असेच बांधतात. उजेडाचंही तसंच. काळा कागद लावला की उजेड तिथेच शोषला जातो आणि त्याचीही उष्णताच होते.

उष्णतेला मात्र पुढे काही व्हायला वावच नाही. एक हजार वॅटचा दिवा तासाला एक युनिट वीज खातो आणि त्या युनिटची जवळजवळ सगळी उष्णता होते. काही थेट दिव्यातून बाहेर पडते, काही उजेड बनून पानांवर, भिंतीवर, जमिनीवर पडून मग उष्णता होते. पानं जी ऊर्जा अन्नाच्या रूपात साठवतात ती यात नगण्य. तेव्हा खोलीत वीज जितकी गेली, तितकी उष्णता खोलीतून बाहेर यायलाच हवी. नाही आली तर खोली भट्टी होईल आणि झाडं मरतील. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता उपसतो, म्हणजे तीन-साडेतीन दिव्यांमागे एक एसी, आणि एसीने उपसलेली उष्णतासुद्धा कुठल्या तरी भिंतीबाहेरच जाऊन पडते, वर एसीने स्वतः खाल्लेल्या विजेची भर घालून. असा एक दिवा रोज बारा तास जळला तर महिन्याला ३६० युनिट. दोन-तीनशे युनिटांत महिना काढणाऱ्या घराच्या बिलात हा फरक पहिल्याच महिन्यात दिसतो.

त्यात ध्वनिरोधनाने गोष्ट अवघडच होते. आवाज अडवणाऱ्या जाड थरांपैकी बरेचसे उष्णताही अडवतात आणि हवेची ये-जा बंद करतात. मग घरगुती वायरिंगवर सतत मोठा भार, कोंडलेली गरम हवा आणि दमट वातावरण हे सगळं एकाच खोलीत. वायरमनला विचारा, अशा खोलीत आगीची किती भीती असते ते. मीटरच्या आधी तार जोडून चोरीची वीज घेतली असेल तर फ्यूजसुद्धा मध्ये राहत नाही.

नेदरलँड्समध्ये २०१५ च्या हिवाळ्यात पोलिसांनी लोकांना एका घराचा फोटो दाखवला होता. ओळीतल्या सगळ्या छपरांवर बर्फ आणि मधल्या एका छपरावर नाही. तिथे कॅमेराही लागला नाही, नुसत्या डोळ्यांनी भागलं.

कॅमेऱ्याला काय दिसतं

कारखान्याच्या पॅनलचं दार उघडून थर्मल कॅमेरा रोखला की पडद्यावर करड्या-काळ्या आकारांची गर्दी दिसते. एमसीबींच्या रांगा, खाली केबल, मागे बसबार, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाड धातूच्या पट्ट्या. सगळं सारखंच कोमट. मग एका फेजचं टोक पांढरं पडलेलं दिसतं. तिथला लग, म्हणजे तारेच्या टोकाचा जोड, ढिला आहे, किंवा थिंबल नीट दाबलेली नाही, स्पर्श कमी झाल्याने तिथेच विरोध वाढलाय आणि तापमान शेजारच्या फेजपेक्षा तीस-चाळीस अंशांनी वर गेलंय. कॅमेरा यातलं काहीही सांगत नाही. तो फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. लग ढिला आहे हे मी ठरवतो, कारण पांढरा ठिपका नेमका जोडावर आहे आणि तिन्ही फेजवरचा भार सारखा आहे हे मी तारेतला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावून पाहिलेलं असतं. चकचकीत तांब्याच्या पट्टीवर हाच कॅमेरा साफ फसतो. ती पट्टी स्वतःची उष्णता कमी सोडते आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाची परावर्तित करते.

थर्मल कॅमेरा भिंतीच्या आरपार पाहू शकत नाही. खिडकीच्या काचेतूनसुद्धा नाही, कारण ज्या लांबीच्या किरणांवर तो काम करतो त्यांच्यासाठी साधी काच अपारदर्शकच असते. सिनेमात भिंतीपलीकडची माणसं लालपिवळी दिसतात, तसं प्रत्यक्षात काही नसतं. १९९२ चा अगेमा तर आजच्या मानाने फारच ढोबळ चित्र द्यायचा. गरम ते पांढरं, थंड ते काळं, मधलं सगळं करडं. खालच्या न्यायालयाने सुनावणी घेऊन नोंदवलं की या यंत्रातून कोणताही किरण घराकडे सोडला जात नाही, ते फक्त घराच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून निघणारी उष्णता टिपतं, आणि त्यात माणसं किंवा त्यांच्या हालचाली दिसल्या नाहीत. माझ्या धंद्याच्या दृष्टीने ही नोंद अचूक आहे.

न्यायालयातला प्रवास

अमेरिकन राज्यघटनेची चौथी दुरुस्ती १७९१ ची. माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये असं ती सांगते. बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा तिथे सहसा खटल्यात वापरता येत नाही. काइलोने तोच मुद्दा धरला: कॅमेरा रोखणं हीच झडती होती, ती वॉरंटशिवाय झाली, म्हणून पुढचं वॉरंट आणि त्यातून मिळालेला माल बाद करा. जिल्हा न्यायालयाने नकार दिला. मग काइलोने अपिलाचा हक्क राखून गुन्हा कबूल केला.

वरच्या न्यायालयात, म्हणजे नवव्या सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयात, प्रकरण बराच काळ रेंगाळलं. यंत्र किती घुसखोर आहे हे तपासायला ते एकदा खाली पाठवलं गेलं. १९९८ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने काइलोच्या बाजूने निकाल दिला, तो मागे घेतला गेला, पीठातला एक न्यायाधीश बदलला आणि १९९९ मध्ये त्याच प्रकरणात निकाल उलट लागला. छपरावरचे आकारहीन गरम ठिपके, यापलीकडे यंत्राने काही उघड केलं नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. एका न्यायाधीशाच्या बदलीने घराच्या सीमेची व्याख्या बदलते, हे वाचताना अस्वस्थ व्हायला होतं.

सर्वोच्च न्यायालयात २० फेब्रुवारी २००१ ला युक्तिवाद झाला आणि ११ जून २००१ ला निकाल आला. पाच विरुद्ध चार.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिला. त्यांच्याबरोबर सूटर, थॉमस, गिन्सबर्ग आणि ब्रायर. अमेरिकन न्यायालयाची ओळख असणाऱ्याला ही नावं एकत्र पाहून नवल वाटेल, कारण स्कॅलिया आणि थॉमस पुराणमतवादी समजले जात, तर गिन्सबर्ग आणि ब्रायर उदारमतवादी. विरोधी मत जॉन पॉल स्टीव्हन्स यांचं, त्यांच्यासोबत सरन्यायाधीश रेहनक्विस्ट, ओ'कॉनर आणि केनेडी. मतभेद नेहमीच्या राजकीय रेषेवर पडले नाहीत.

स्कॅलियांनी घातलेला नियम असा: घराच्या आतली जी माहिती एरवी प्रत्यक्ष आत शिरल्याशिवाय मिळाली नसती, ती सर्वसामान्य वापरात नसलेल्या यंत्राने बाहेरून मिळवली तर ती झडतीच आहे, आणि वॉरंटशिवाय ती अवाजवी मानली जाईल. सरकारचं म्हणणं होतं की यंत्राने फक्त भिंतीवरून निघालेली उष्णता टिपली, भिंतीच्या आत डोकावलं नाही. त्यावर त्यांचं उत्तर सरळ होतं. तसं तर दूरवरचा शक्तिशाली मायक्रोफोनही घरातून बाहेर आलेला आवाजच टिपतो. १९६७ च्या कॅट्झ खटल्यात टेलिफोन बूथच्या बाहेर लावलेल्या यंत्राने आतलं बोलणं ऐकलं होतं, बूथमध्ये कुणी शिरलं नव्हतं, तरीही न्यायालयाने ती झडतीच मानली होती. भिंत स्पर्शाने ओलांडली की नाही, यावर हक्क टांगून ठेवता येणार नाही.

यंत्राने खाजगी असं काही दाखवलं नाही, हा सरकारचा दुसरा मुद्दा. त्यावर न्यायालय म्हणालं की घराच्या आतली प्रत्येक गोष्ट खाजगीच असते. तो कॅमेरा घरातली बाई रोज रात्री कोणत्या वेळी सॉना आणि आंघोळ करते हेसुद्धा दाखवू शकतो, आणि ते कुणाला क्षुल्लक वाटेल, कुणाला नाही. शिवाय अंमलबजावणीची अडचण आहेच. पहाटे रस्त्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने कॅमेरा सुरू करण्याआधीच कसं ओळखायचं, की आता जे दिसेल ते खाजगी असेल की नसेल? म्हणून रेषा घराच्या उंबऱ्यावर आखायची, ती ठाम आणि ठळकही असायची.

स्टीव्हन्स यांचं विरोधी मत मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे आणि त्यातलं भौतिकशास्त्र मला पटतं. ते म्हणतात, उष्णता घराबाहेर आली की ती सार्वजनिक झाली, जसा स्वयंपाकघरातला वास. पावसाचं पाणी एका भिंतीवरून लवकर सुकलं किंवा एका छपरावरचा बर्फ आधी वितळला तर रस्त्याने जाणारा कुणीही ते पाहतो. बाहेरच्या पृष्ठभागाकडे पाहून काढलेलं अनुमान म्हणजे झडती नव्हे. ते असंही म्हणतात की सर्वसामान्य वापराची अट उलटीच पडते, कारण यंत्र जितकं जास्त पसरेल तितका धोका वाढेल, आणि या नियमाने संरक्षण तेवढंच कमी होत जाईल. असे कॅमेरे तेव्हाही अर्धा डझन कंपन्या भाड्याने देत होत्या, हेही त्यांनी दाखवून दिलं.

माझं मत

यंत्राबद्दल स्टीव्हन्स बरोबर आहेत आणि घराबद्दल स्कॅलिया.

पॅनलचं उदाहरण मघाशी दिलं त्याचं कारण हेच. चित्रात लग ढिला दिसत नाही, तरी मी पॅनलसमोर चित्रासाठी उभा राहत नाही. लगसाठीच उभा राहतो. एलियटलाही भिंतीच्या तापमानात रस नव्हता. पहाटे तीनला मोटारीत बसून त्याला घराच्या आत काय चाललंय हेच जाणून घ्यायचं होतं, आणि यंत्राने ते कळवलं. नुसतं अनुमान म्हणून ते सोडून द्यायचं, तर घरात न शिरता मिळवलेली प्रत्येक माहिती अनुमानच म्हणावी लागेल. १९८४ च्या कारो खटल्यात पोलिसांनी इथर या रसायनाच्या डब्यात सिग्नल पाठवणारं लहान यंत्र बसवलं होतं, आणि त्या सिग्नलवरून डबा अमुक घरात आहे एवढंच कळत होतं. तेवढं कळणंसुद्धा झडती ठरलं होतं.

सर्वसामान्य वापराची अट मात्र कच्ची आहे आणि ती काळाने उघडी पाडली. २०१४ मध्ये फ्लिर कंपनीने मोबाइलला जोडायचा थर्मल कॅमेरा बाजारात आणला. अगेमा ही स्वीडिश कंपनीही तोपर्यंत फ्लिरमध्ये विलीन होऊन गेली होती. आज असा कॅमेरा पुण्यात बसून कुणीही मागवू शकतो, इमारतीची गळती शोधणारे कंत्राटदार तो सर्रास वापरतात. तेव्हा नियमातला तो अर्धा भाग वगळून उंबऱ्याचाच भाग धरायला हवा, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आणि पुढे काइलोचं काय झालं, तर सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं नाही. थर्मल चित्र बाजूला काढून उरलेल्या माहितीवर, म्हणजे खबरी आणि वीजबिलांवर, वॉरंट टिकतं का ते पाहा, असं सांगून प्रकरण खाली परत पाठवलं. ओरेगॉनने पुढे २०१४ मध्ये मतदान घेऊन प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला आणि १ जुलै २०१५ पासून तिथल्या घरात चार झाडं लावायला परवानगी मिळाली. केंद्रीय कायद्यात ती झाडं तेव्हाही गुन्हाच राहिली.

अनुमान चुकतं तेव्हा

काइलोच्या घरातलं अनुमान बरोबर निघालं म्हणून ही पद्धत बरोबर ठरत नाही. कॅन्ससमधल्या एका दांपत्याचं प्रकरण इथे आठवायला हवं. वडील मुलांना घेऊन बागकामाच्या दुकानात गेले, पाण्यावर रोपं वाढवायचं सामान आणलं आणि तळघरात टोमॅटो, भोपळे, खरबूज लावले. दुकानाबाहेर गाड्यांचे नंबर टिपणारा पोलीस उभा होता. पुढे त्यांच्या कचऱ्यात सापडलेली ओली पानं हातोहात करायच्या रासायनिक चाचणीत गांजा म्हणून दाखवली गेली. ती चहाची पानं होती, घरातली बाई सुटी पानं उकळून चहा घ्यायची. २० एप्रिल २०१२ ला सकाळी शस्त्रधारी पोलीस दारात आले, मुलांसकट सगळ्यांना सोफ्यावर बसवलं गेलं, दोन तासांहून जास्त झडती झाली आणि टोमॅटोची रोपं सापडली. ते कुटुंब न्यायालयात गेलं आणि २०१७ मध्ये दहाव्या सर्किटने त्यांचा दावा पुन्हा जिवंत केला.

इंग्लंडमध्ये मे २०२१ मध्ये वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी एका औद्योगिक गाळ्यावर छापा घातला. भरपूर तारा, हवा बाहेर फेकणारे पाइप आणि ड्रोनच्या कॅमेऱ्याला दिसलेली उष्णता, सगळी लक्षणं गांजाच्या शेतीची. आत होते बिटकॉइन काढणारे सुमारे शंभर संगणक. वीज चोरीची होती तो गुन्हा वेगळा, पण उष्णतेने जी गोष्ट सांगितली असं वाटलं ती खोटी निघाली. तापमान झाडाचं नाव सांगत नाही. आपल्याकडे आता बंद खोलीत थंडावा राखून केशराचे कंद फुलवणारे आहेत, धिंगरी अळंबी घेणारे आहेत, घरात सर्व्हर ठेवून काम करणारे आहेत. त्या सगळ्यांचं बिल आणि त्यांची भिंत वेगळीच दिसणार.

हाच प्रसंग इथे घडला तर

आपल्याकडे कायदा पुष्कळ वेगळा आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे, कुंडीत असो की शेतात, आणि कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. छंद म्हणून दोन रोपं, अशी सवलत त्यात नाही. कलम ४२ प्रमाणे अधिकाऱ्याला माहिती लेखी नोंदवून सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत वॉरंटशिवाय घरात शिरता येतं. रात्री शिरायचं तर वॉरंटसाठी थांबलो तर पुरावा नाहीसा होईल, या समजामागची कारणं लिहून ठेवावी लागतात. नोंदीची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे जायला हवी. गांजाचे खटले महाराष्ट्रात ढासळतात ते बहुधा याच नोंदींवर. पंचनाम्यात वेळ चुकते, प्रत पुढे जात नाही, वकील तेच पकडतात.

अमेरिकेपेक्षा मोठा फरक पुराव्यात आहे. १९७३ च्या पूरणमल प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पुरावा खटल्याशी संबंधित असेल तर तो बेकायदा झडतीतून मिळाला एवढ्यानेच बाद होत नाही. म्हणजे काइलोचं घर पुण्यात असतं तर वाद बहुतेक तिथेच संपला असता. पण २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं, आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ ला विनीत कुमार प्रकरणात बेकायदा टॅप केलेल्या फोन संभाषणांच्या प्रती नष्ट करायचे आदेश दिले. संभाषणाबाबत जे पाऊल मुंबईत उचललं गेलं, तेच घरातल्या उष्णतेबाबत आणि विजेबाबत उचलायला काहीच आडकाठी नसावी.

विजेबाबत म्हणतो ते मुद्दाम. काइलोच्या वॉरंटमधला सर्वांत साधा पुरावा वीजबिल होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो बाद केला नाही. तेव्हा बिल महिन्याला एकदा यायचं. आज महाराष्ट्रात महावितरणने स्मार्ट मीटर बसवायला सुरुवात केली आहे, आणि असे मीटर १५ किंवा ३० मिनिटांच्या अंतराने वापर नोंदवू शकतात. मी अशा नोंदींचे आलेख रोज पाहतो. पहाटे साडेपाचला गिझरचा उभा कडा, साडेसातला मिक्सर आणि इस्त्री, दुपारी फक्त फ्रिज, म्हणजे घर रिकामं. घरातली माणसं गावाला गेलीत हे मला कुणी सांगावं लागत नाही. कॅमेऱ्याला जे ढोबळ दिसलं त्याच्या कितीतरी पट बारीक हे आहे, आणि त्यासाठी रात्री रस्त्यावर उभं राहायचीही गरज नाही.

अमेरिकेत सातव्या सर्किटने १६ ऑगस्ट २०१८ ला इलिनॉयमधल्या नेपरव्हिल शहराच्या प्रकरणात काइलोचाच आधार घेऊन म्हटलं की दर १५ मिनिटांनी वीजवापर टिपणं ही झडती आहे. मात्र ती अवाजवी नाही, कारण वीज पुरवणारी यंत्रणा ती माहिती स्वतःच्या कामासाठी घेते आणि पोलिसांना सहज देत नाही. अंतर आणखी कमी झालं किंवा पोलिसांना माहिती सहज मिळू लागली तर आमचं मत बदलेल, असंही न्यायालयाने बजावलं.

आपल्याकडे स्मार्ट मीटरला जो विरोध झाला तो मुख्यतः वाढीव बिलाच्या आणि प्रीपेडच्या भीतीने. तो चुकीचा नव्हता, पण त्यात एक मागणी राहून गेली. दर पंधरा मिनिटांची नोंद किती महिने जपली जाते, ती कोणत्या कंत्राटदाराच्या सर्व्हरवर असते, आणि पोलीस ठाण्यातून साधं पत्र आलं तर ती दिली जाते की न्यायालयाचा आदेश मागितला जातो, हे ग्राहकाला लेखी कळायला हवं. पुढच्या वेळी वीज नियामक आयोगाच्या सुनावणीला जाणाऱ्या ग्राहक संघटनांनी हे तीन प्रश्न आपल्या अर्जात घालावेत.